घरच्या माणसाले कट्टी

३१ ऑक्टोबर २०१७, मंगळवार. आईनं दिवसभरात खाल्लेलं मी मोजलं, ते असं: ज्वारीच्या भाकरी सव्वातीन, तुरीचं वरण घरातल्या मोठ्या वाटीनं दोन वाट्या (वाटी मी पाण्यानं मोजली, २१० मिली भरली), वांग्याची भाजी तीन पळ्या, ठेचा, एक मूद भात, साखरेचा चहा पाच वेळा, त्यातल्या दोन वेळा चार-चार टोस्ट. एवढं तिनं स्वतः सांगितलं. न सांगितलेलं असं: बाबांच्या ताटात उरलेली पाव भाकरी, माझ्या ताटातला भात, कढईला चिकटलेली भाजी तुकड्यानं पुसून, शेजारच्या केसरमावशीनं आणलेले शेंगदाण्याचे दोन लाडू, आणि स्वयंपाक करताना चव बघायला म्हणून अकरा वेळा तळहातावर घेतलेलं काहीबाही. संध्याकाळचं जेवण तिनं आम्हा दोघांचं झाल्यावर, ओट्यापाशी उभ्यानं केलं. सात मिनिटं लागली.

"मी काई खात नाई व काजल, तरी अंग वाढून राह्यलं," आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. उरलेलं संपवणं हे तिच्या लेखी जेवण नव्हतंच. ती भांडी घासायच्या आधीची एक पायरी होती.

ही नोंद मागितली होती आसमा मॅडमनी. औरंगाबादच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्या आहारतज्ज्ञ होत्या. तिथे २८ नोव्हेंबरला वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं मोफत शिबिर होतं. सर्जन पुण्याहून येणार होते, एकच दिवस. बारा नावं घेतली होती आणि बारावं नाव माझ्या आईचं होतं, सत्यभामाबाई, वय ४७, राहणार देऊळघाट, तालुका बुलढाणा. ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात. उरतं ते साधारण केळ्याएवढं. त्यात एका वेळी अर्धी वाटीही मावत नाही, आणि ते जन्मभरासाठी असतं.

आईला साखर होती, गुडघे गेले होते, पण मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती. दुपारी ती आडवी झाली की झोपेत तिचा श्वास थांबायचा. दिवाळीनंतर एका दुपारी मी घड्याळ घेऊन शेजारी बसले. अर्ध्या तासात चौदा वेळा थांबला. सगळ्यात लांब थांबला तो तेवीस सेकंद. विसाव्या सेकंदाला मी तिच्या खांद्याला हात लावायला उठले होते, आणि मग घशातून मोठा आवाज करत तो परत सुरू झाला. मी बी.एस्सी. झालेली आहे, विषय प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. त्या तेवीस सेकंदांत शरीरात काय काय घडतं ते मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं पहिल्यांदा वाटलं.

२ नोव्हेंबरला आम्ही तिघं हॉस्पिटलला गेलो. वजन भरलं १२४.८.

"काकू, सोनोग्राफीत लिव्हर मोठं दिसतंय," आसमा मॅडम म्हणाल्या. "चरबी साठलीय त्यात. जठरावर झाकण ठेवल्यासारखं झालंय. तुम्ही आत्ता वजन उतरवलंत की लिव्हर आकसेल आणि सर्जनला आत काम करायला जागा मिळेल. म्हणून २७ तारखेला सकाळी याच काट्यावर ११८.५ किंवा त्याच्या खाली यायचं."

"अर्धा-एक किलो इकडेतिकडे चालते का मॅडम?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. मागच्या शिबिरात एकीला टेबलावर घेऊन परत उतरवावं लागलं. तेव्हापासून सर ऐकत नाहीत. तुमचं नाव गळलं तर तेरावं नाव लोणारच्या एका बाईंचं आहे, त्यांना बोलावू. पुढचं शिबिर कधी होईल ते मला सांगता येणार नाही."

मग त्यांनी पुढच्या आयुष्याचे नियम सांगितले, आत्तापासून सवय व्हावी म्हणून. घास अंगठ्याच्या नखाएवढा. पंचवीस वेळा चावायचा. जेवणाला वीस मिनिटं लागलीच पाहिजेत. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही आणि नंतर अर्धा तास नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला एका वेळी तीस मिली, तेही घोट घोट. शेवटचा आठवडा सगळं पातळ. "आणि घाईत नाही, उभ्यानं नाही, कामं करता करता नाही."

आई म्हणाली, "मंग जेवू कवा?"

मॅडम हसल्या. आई हसत नव्हती, खरंच विचारत होती.

आमच्याकडे माणसाचं वजन करायचा काटा नव्हता, आणि इथल्या दुकानात होते ते १२० किलोपुढे जात नव्हते. पण कापसाचा काटा होता. माझे वडील, तुळशीराम, बावीस वर्षं एका व्यापाऱ्याचा कापूस मोजतात. काटा आमच्या अंगणातच आहे, चौकोनी लोखंडी, आकडे उमटणारा, तीनशे किलोपर्यंतचा. गावातले लोक गाठोडी घेऊन येतात, बाबा आकडा बघून मोठ्यानं पुकारतात आणि व्यापाऱ्याचा माणूस लिहून घेतो. काट्याला आकडे दोन्ही बाजूंना उमटतात. रस्त्याकडच्या बाजूवर रिकामं पोतं टाकलेलं असायचं. उन्हानं काच खराब होते म्हणून, असं मला लहानपणी सांगितलं होतं, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या वर्षी कापसाची दशा झाली होती. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं सगळे धरून चालले होते, आणि गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून खात होती. बाहेरून काही दिसायचं नाही. केसरमावशीच्या एकरातली वीस बोंडं मी मोजून फोडली होती. सतरांत अळी निघाली. अशा बोंडातला कापूस पिवळा, चिकटलेला निघतो, त्याला कवडी म्हणतात. मावशी तो वेचून गाठोडं डोक्यावर घेऊन यायची आणि काट्यापाशी बसून व्यापाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. "पह्यले क्विंटलमागं एक किलो कट्टी होती, औंदा दोन केली. ओल हाय म्हने. दोन महिने झाले पानी नाई, ओल कुठून आनू? माह्या डोयातून?"

कट्टी म्हणजे वजनात धरलेली सूट. ओल, माती, फडकं यांच्या नावानं काट्यावरच्या आकड्यातून थोडं वजा करून पुकारायचं. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. अंगणात कोंबड्या असतात तसा तो अंगणात असायचा.

३ नोव्हेंबरला सकाळी सहाला, चहाच्या आधी, हिरवी साडी नेसून आई काट्यावर चढली. तीच साडी रोज, असं मी ठरवलं होतं, म्हणजे कपड्याचा फरक पडू नये. बाबा आपल्या जागेवर. मी वही घेऊन रस्त्याच्या बाजूला, कारण आईनं सांगितलं होतं, "तुह्या बापानं पाह्यलं तं पाह्यलं. तू नोको पाहू आकडा."

"एक क्विंटल बावीस किलो तीनशे!" बाबांनी पुकारलं.

"हळू म्हना ना," आई म्हणाली. "साऱ्या गावाले इकता काय मले?"

कुंपणापलीकडून केसरमावशीचा आवाज आला, "माल चांगला हाय व, भाव पाडू नको!"

एका रात्रीत अडीच किलो कमी. मला ते पटलं नाही. मग मी स्वतःलाच कारणं दिली. हॉस्पिटलात दुपार झाली होती, ती जेवून आली होती, अंगावर शाल होती, काटा वेगळा होता. काटा वेगळा आहे तर त्या दोन काट्यांतला फरक आधी तपासायला हवा, हे मला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी तपासला नाही. वहीत पहिला ठिपका १२४.८ वर दिला, दुसरा १२२.३ वर, मध्ये रेघ ओढली, आणि खाली ११८.५ वर लाल रेघ मारली. या सगळ्यात माझी चूक ती.

आईनं मन लावून केलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. साखर बंद केली. भाकरी एकावर आणली, मग अर्धीवर. उरलेलं ताटातून काढून म्हशीच्या टोपल्यात टाकू लागली. चव बघायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं आणि घरात आठवडाभर अळणी नाहीतर खारट. खोकल्याच्या औषधाची तीस मिलीची टोपणं मी धुऊन ठेवली होती. पहिलं टोपण वरणाच्या पाण्यानं भरून तिच्या हातात दिलं, तर तिनं ते एका घोटात पिऊन पुढं केलं, "अन् आता?"

"आता काही नाही. हेच दहा मिनिटांत प्यायचं होतं."

"दहा मिनिटात काय करू त्याच्यासंगं? गोष्टी सांगू?"

केसरमावशी उंबऱ्यावर बसून बघत होती. "चिमनीले पाजून राह्यली काय व पोरी? सत्यभामा, तू उडून नको जाऊ माय." मग जरा थांबून मला हळूच विचारलं, "अन् काजल, ते पोट कापलं का भूकही कापते, का भूक तशीच राह्यते?"

भूक वाढवणारं एक संप्रेरक जठराच्या त्याच भागात तयार होतं, तो भाग काढला की भूक कमी होते, असं मी सांगितलं. सगळ्यांची सारखी होत नाही, हेही सांगितलं. आई ऐकत होती. दुसरं टोपण तिनं चार मिनिटं पुरवलं. १४ तारखेपर्यंत ती नऊ मिनिटांवर आली.

रोज सकाळी बाबा पुकारत होते आणि मी लिहीत होते. १० तारखेला १२०.१. १७ तारखेला ११८.७. लाल रेघ दोनशे ग्रॅमवर आली होती आणि हातात दहा दिवस होते. बाबा त्या दिवशी अंगणात शीळ घालत होते. दुपारी आईनं झुणका केला आणि अर्धी भाकरी जास्त घेतली. मलाही ते बरं वाटलं होतं.

१८ तारखेला दुपारी मी बाबांना चहा द्यायला गेले. केसरमावशीचं गाठोडं काट्यावर होतं. मी बाबांच्या मागे उभी होते. त्या बाजूनं काटा चालू असताना मी कधी उभी राहिले नव्हते, तिथे कोणी उभं राहत नाही. काचेवर लाल आकडे होते: ३१.६.

"एकतीस किलो!" बाबांनी पुकारलं.

काट्याकडे डोळे, तोंड उघडं, आणि मधे एक क्षणही गेला नाही. मनात वजाबाकी करणारा माणूस थोडा तरी थांबतो. ते थांबले नाहीत.

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. एकतीस भागिले एकतीस पूर्णांक सहा दशांश, जवळपास ०.९८. शंभराला दोन. मी घरात आले, वही उघडली आणि १२२.३ ला १२४.८ नं भागलं. ०.९८.

मग मागे जाऊन रोजचा आकडा खरा करून पाहिला. १७ तारखेचं वजन ११८.७ नव्हतं, १२१.१ होतं. आई सहा किलो उतरली नव्हती. तीन किलो सातशे उतरली होती.

मावशी गेल्यावर मी तोच कप बाबांपुढे ठेवला आणि म्हणाले, "बाबा, मी काट्यावर उभी राहते. आकडा सांगा."

"तुहं कायले वजन?"

"सांगा तर."

मी चढले. ते काचेकडे बघून म्हणाले, "पन्नास किलो चारशे."

मी काट्यावरूनच वाकले, रस्त्याकडच्या काचेवरचं पोतं ओढून बाजूला केलं आणि उलटं वाचलं. ५१.४.

"बाबा, तुम्ही आईला कट्टी लावली."

"येडी झाली काय? घरच्या मानसाले कोनी कट्टी लावते?" त्यांचा आवाज चढला. "बावीस वर्ष झाले काट्यावर, मले शिकवतं?"

"मग माझा आकडा वाचा. परत."

त्यांनी परत काचेकडे पाहिलं. या वेळी ते थांबले. ओठ हलले, म्हणजे आकडा आधी तोंडातच आला असावा, आणि मग त्यांनी तो परत घेतला. "एक्कावन्न," ते म्हणाले. "चारशे." मग काट्याच्या कडेवर बसले. कप तसाच होता, त्यावर साय आली होती.

"मले समजलंच नाई," ते म्हणाले. "आईची आन, मले समजलं नाई."

आई दारात उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नव्हतं, पण पुढं आली तेव्हा तिनं फक्त एक विचारलं. "मंग काल मी ते अर्धी भाकर खाल्ली, ते?"

ती पायरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बोलली तेव्हा बाबांकडे बघत नव्हती. "लोकाइचं कमी सांगता सांगता तुमाले खरा आकडा दिसत नाई आता. मी मेली असती टेबलावर."

"टेबलावर घेतलंच नसतं आई," मी म्हणाले. "वजनावरूनच परत पाठवलं असतं."

"तेच म्हनतो," आई म्हणाली.

केसरमावशीला संध्याकाळी कळलं. मला वाटलं ती संतापेल. ती पदर तोंडाला लावून हसली. "अव, साऱ्या गावाले ठावूक हाय. तुह्या बापाच्या जिभेलेच कट्टी लागेल हाय. लग्नात पत्रिका वाचायले बसवला तं तारीखही दोन दिवस कमी सांगीन." मग हसणं थांबवून म्हणाली, "पन बायकोले लावली, हे नवं हाय."

१९ तारखेला सकाळी काट्याच्या रस्त्याकडच्या काचेवर पोतं नव्हतं. बाबांनी ते घडी करून आत ठेवलं होतं. आई चढली, मी समोरून वाचलं, बाबांनी मागून वाचलं, आणि आईनं पहिल्यांदा स्वतः मान वाकवून पाहिलं. १२१.३. त्याआधी मी काट्यावर वीस किलोचं लोखंडी माप ठेवून तपासलं होतं. काटा वीसच दाखवत होता. काट्यात काहीच खोट नव्हती.

लाल रेघ अजून दोन किलो आठशे लांब. आठ दिवस.

दुपारी व्यापाऱ्याच्या माणसानं पोतं कुठे गेलं असं विचारलं. बाबा म्हणाले, "घरात पेशंट हाय, त्याइले आकडा पाहा लागते." त्या माणसाला यातलं काही कळलं नाही. त्या आठवड्यात लोक गाठोडं ठेवून वाकून आकडा बघत आणि मग बाबांकडे बघत. बाबा आधी काचेवरचा आकडा सांगत, मग कट्टीचा वेगळा सांगत. त्यांना घाम येत होता. एक गोष्ट दोनदा सांगायला त्यांना कापूस मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागत होता.

मी आसमा मॅडमना फोन केला. त्यांनी त्याच दिवसापासून सगळं पातळ सुरू करायला सांगितलं. वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, भाज्यांचं सूप, दुधात प्रथिनांची पावडर. "काकूंना जेवायला एकटं बसवू नका," त्या म्हणाल्या. "एकटं माणूस हरतं."

आमच्या घरी आईला एकटं बसवायचा प्रश्न नव्हता. ती बसतच नव्हती. मी पाहते तेव्हापासून बाबा आणि मी आधी, आई मागून, उभ्यानं, सात मिनिटं. १९ तारखेच्या संध्याकाळी मी तीन पाट मांडले. आई म्हणाली, "वाढीन कोन?" मी सगळं मधे आणून ठेवलं आणि म्हणाले, ज्यानं त्यानं घ्यायचं. ती मधल्या पाटावर बसली. समोर वाटीत १५० मिली सूप आणि लहान चमचा. बाबा आणि मी अकरा मिनिटांत जेवलो.

पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. बाबा उठायला गेले आणि आपोआपच थांबले. आईचं सूप अर्धं होतं. त्यांनी हात तसाच ताटावर धरून ठेवला. वरण बोटांवर वाळलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, चमचा घाईनं भरला.

"होऊ दे सावकाश," बाबा म्हणाले.

त्या दिवशी तिला एकोणीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बावीस.

वजन: २० तारखेला १२०.८. २१ ला १२०.३. २२ ला ११९.९. २३ ला ११९.६. मग २४ ला ११९.६, आणि २५ ला पुन्हा ११९.६. काटा अडकलाय का म्हणून मी परत वीस किलोचं माप ठेवलं. वीस. आईला चक्कर येत होती, तोंडाला वास येत होता. ही चरबी जळत असल्याची खूण आहे असं मी तिला समजावलं. पण रात्री ऑपरेशनच्या मेजावरून तिला परत उतरवतायत असं मला स्वप्न पडलं, ते सांगितलं नाही.

२४ ला चंपाषष्ठी होती. सगळ्या गल्लीत गोवऱ्यांचा धूर आणि त्यात रोडगे भाजल्याचा, वांग्याच्या भाजीचा वास. आमच्याकडे या दिवशी एकमेकांकडे वानोळा जातो, म्हणजे घरात केलेल्यातला थोडा वाटा. तो परत पाठवत नाहीत. केसरमावशी ताटली झाकून घेऊन आली, दारात थांबली, आणि ताटली मागे घेऊ का पुढं करू हे तिलाच समजेना.

"आन इकडं," आई म्हणाली. तिनं रोडगा दोन्ही हातांनी फोडला. वाफ निघाली. तुपाचा वास मला अंगणातही आला असता. तिनं त्याचे तुकडे केले, एक बाबांना दिला, एक मला, एक मावशीला. मग बोटं नाकाशी नेली, क्षणभर ठेवली आणि उठून नळावर हात धुऊन आली.

"चाखला नाई?" मावशीनं विचारलं.

"पोचला मले," आई म्हणाली. "पुढच्या साली दे. नखाएवढा."

मावशी त्या दिवशी एकही विनोद न करता गेली.

२६ ला ११९.०. अजून अर्धा किलो. दुपारी पिशवी भरताना आईनं हळूच विचारलं, "काजल, मी आज अन् उद्या पानीच नाई पेली तं? उतरन का आकडा?"

उतरला असता. एक किलो तरी उतरला असता. हे मला १८ तारखेपासून माहीत होतं आणि मी मुद्दाम उच्चारलं नव्हतं.

"आकडा उतरेल," मी म्हणाले. "लिव्हर तेवढंच राहील. सर्जन आकडा उचलून बाजूला करणार नाहीत आई, लिव्हर करणार आहेत. आणि पाणी कमी असताना भूल दिली तर मूत्रपिंडाला धोका असतो."

तिनं पिशवीचा पट्टा आवळून बांधला. "म्हनजे तेही कट्टीच," ती म्हणाली.

"हो."

२७ ला पहाटेच्या एसटीनं बुलढाणा, तिथून औरंगाबाद. अंगावर तीच हिरवी साडी. वाटेत तिनं दोनदा पाणी मागितलं. प्रत्येक वेळी ग्लासभर, दोनशे मिली, म्हणजे एकूण चारशे ग्रॅम. दुसरा ग्लास तिच्या हातात देताना माझ्या मनात आकडा आला आणि मी ग्लास दिला. तिनं तो घोट घोट प्यायला अकरा मिनिटं घेतली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी उभ्या कापसात गुरं सोडली होती.

हॉस्पिटलात बाकावर आणखी सात जणी बसल्या होत्या. कोपऱ्यात एक बाई आपल्या मुलासोबत होती, हातात पिशवी, पायाशी घोंगडी. ती लोणारची होती. तिला आसमा मॅडमनी आधीच बोलावून ठेवलं होतं, कोणी गळलं तर वेळ जाऊ नये म्हणून. आईनं तिच्याकडे पाहिलं, तिनं आईकडे. मग दोघींनी एकाच वेळी मान खाली घातली.

"सत्यभामाबाई," आतून हाक आली.

आईनं चपला काढल्या. काट्यावर चढताना माझा हात धरला आणि चढल्यावर सोडला. आकडे थोडे हलत होते. आसमा मॅडम पेन घेऊन वाकल्या.

"थांबा मॅडम," आई म्हणाली. "ह्याइले वाचू द्या."

बाबा पुढं आले. टोपी काढून हातात घेतली. आकडे स्थिर झाले तरी ते काही वेळ नुसते बघत राहिले. मग अंगणात पुकारतात तसं, पण हळू आवाजात म्हणाले,

"एक क्विंटल अठरा किलो चारशे."

मॅडमनी वाकून पाहिलं आणि कागदावर लिहिलं: ११८.४.